पाणकावळ्यांची पंगत

पाणकावळा घाबरला की ओकतो. ही माहिती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, माझ्याच गॅलरीतल्या पिंपात मिळाली. आम्ही राहायचो त्या आचोळ्याला तेव्हा नळाचं पाणी नावापुरतं होतं. टँकर यायचा, तोही त्याच्या लहरीनं, आणि आलेलं पाणी आम्ही पिंपात, कळशीत, पातेल्यांत, जमेल तिथे साठवून ठेवायचो. त्या दिवशी मी भांडं बुडवायला पिंपाचं झाकण काढलं आणि त्याच वेळी खाली आमच्या ह्यांनी पत्र्याचा डबा बडवला. वरच्या छज्ज्यावर बसलेला पाणकावळा दचकला आणि उडता उडता पोटातलं सगळं खाली सोडून गेला. पिंपात पडला तो मासा होता, म्हणजे अर्धा मासा होता. डोकं विरघळून गेलेलं, शेपटी मात्र शाबूत. भोवती पाण्यावर पिवळट तवंग पसरत चालला होता आणि वास असा, की मी दोन्ही हातांनी तोंड दाबून मोरीकडे पळाले.

मी मूळची साताऱ्याकडची. माहेरी सणासुदीला मटणाचा रस्सा व्हायचा, पण मासा कधी ताटात आला नव्हता. लग्न झालं मालवणकडच्या माणसाशी. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात पाटावर बसवून विळी पुढ्यात ठेवली आणि बांगड्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. मी शिकले. खवले काढणं, कल्ले उपटणं, आतडी ओढणं सगळं शिकले, आणि बरं करते असं खाणारे म्हणतात. पण म्हणून किळस गेली असं कुणी समजू नये. किळस तिच्या जागी असते, हात आपलं काम करत असतात. त्यामुळे मला किळस आली असं मी म्हणते, तेव्हा ती नाजूक बाईची किळस नव्हे, एवढं ध्यानात घ्यावं.

आमची इमारत तळ्याला लागून होती. मुंबईतली भाड्याची खोली सोडून आम्ही नव्वदीच्या दशकात इकडे आलो, ते मुळात ह्या तळ्यावर भाळूनच. बिल्डरनं जागा दाखवायला आणलं तेव्हा हे गॅलरीत उभे राहिले, खाली पाणी पाहिलं आणि स्वयंपाकघर केवढं आहे हेसुद्धा बघायला आत गेले नाहीत. तळं गावातल्या एका जुन्या घराचं होतं. त्या घरची मावशी तळ्याच्या पाण्यावर काठच्या तुकड्यात माठ, मुळा, वाल, भेंडी लावायची आणि सकाळी आमच्या गेटपाशी टोपली घेऊन बसायची. वयानं सत्तरीची असेल. टोपलीवरून हात फिरवून जुडी निवडून द्यायची, आणि निवडताना त्या जुडीला कोणतं पाणी कधी पाजलं तेही सांगायची.

तिचे दोन मुलगे वाळू-खडीच्या धंद्यात होते. चारी बाजूंना इमारती उठत होत्या, गावातली खाचरं एकेक करून भरून निघत होती, आणि तळं हे त्यांच्या दृष्टीनं नुसतं डासांचं घर होतं. भराव टाकला की सोन्यासारखी जागा. मावशी नाही म्हणत होती. नाही म्हणायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, एवढंच होतं की पाणी आहे तोवर भाजी आहे. एकदा टोपलीशी बसल्या बसल्या तिनं मला विचारलं, "तलाव गेला तं मी भाजी कशावं करू, बाय? टँकरच्या पान्यावं?" माझंच पिंप रिकामं होतं.

आमच्या ह्यांना त्या सुमारास कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं होतं. स्वेच्छा कुणाची होती ते कंपनीलाच माहीत. घरात बसलेला पुरुष म्हणजे काय ते ज्यांच्या घरात बसला आहे त्या बायकांना सांगायला नको. डाळीच्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या, पंख्याची पाती पुसून झाली, मग ह्यांचं लक्ष तळ्याकडे गेलं. मावशीचं बोलणं मी घरी सांगितलं, तर हे ताडकन उठून म्हणाले की मासे सोडू. रोहू, कटला, मृगळ. तळं मासे देतं म्हटल्यावर कोण बुजवेल?

मी म्हटलं, तुम्ही समुद्रकाठचे, तुम्हाला गोड्या पाण्यातल्या माशातलं काय कळतं. ते त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून थेट मावशीच्या मुलांकडे गेले. थोरला मुलगा वागायला वाईट नव्हता, पण घाईत असलेला माणूस होता. त्याच्या भावकीत जुनी रीत होती, होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून तळ्यात उतरायचं, जाळं ओढायचं आणि जे निघेल ते घराघरांत वाटायचं. अलीकडे काही निघत नव्हतं, चिखलच निघायचा, म्हणून रीत नावाला उरली होती. तो ह्यांना म्हणाला, "काका, होळीला जाळं टाकू. मासळी निघाली तर तलाव ठेवतो, आईची शपथ. नाही निघाली तर भराव. मग कोणी मध्ये बोलायचं नाही." हे कबूल करून आले. म्हणजे मावशीचं तळं आता आमच्या ह्यांच्या माशांवर येऊन थांबलं.

श्रावण संपता संपता तळं काठोकाठ भरलं आणि हे सरकारी मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली घेऊन आले. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ती चमचम करत होती. मला माशांत कधी काही सुंदर वाटलं नव्हतं, पण ती मी बघत बसले हे खरं. मावशीनं पायरीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं व्हावं म्हणून, आणि मग ह्यांनी एकेक पिशवी वाकवून तोंड मोकळं केलं. पिल्लं बाहेर आली आणि कुठे जावं ते न कळून पायरीपाशीच घोटाळत राहिली. मावशी वाकून बघत होती. तिच्या डोळ्यांना नीट दिसत नसावं, कारण ती सारखी विचारत होती की हाईत ना, गेली नाय ना.

पहिला आला तो खंड्या. निळाशार, देखणा, कॅलेंडरवर असतो तसा. आमच्या इमारतीतल्या बायका त्याला बघून खूश झाल्या. त्यानं सूर मारला, पिल्लू उचललं, वायरीवर बसून ते दोनदा आपटलं, डोक्याकडून गिळलं आणि पुन्हा सूर मारला. दुपारपर्यंत ढोकऱ्या आल्या. मातकट रंगाच्या, काठावर बसल्या की दगड वाटावं अशा, मान आखडून तासन् तास बसणाऱ्या. मग बगळे आले. आणि त्या आठवड्यात केव्हातरी पाणकावळे आले, ते थव्यानंच आले. काळे, चोचीला बाक असलेले, पाण्यात मान तेवढी वर ठेवून सापासारखे पोहणारे. बुडी मारायचे ती इथे आणि वर यायचे ते तिकडे, चोचीत आडवा मासा. तो हवेत उडवून सरळ करायचा आणि गिळायचा. घशातून मासा खाली जाताना बाहेरून दिसायचा, गळ्याची कातडी वळवळायची. मी ते पाहिलं आणि त्या दिवशी मला भात जाईना.

पोट भरलं की ते आमच्या इमारतीवर येऊन बसायचे. अँटेनावर, छज्ज्यावर, कपड्यांच्या दोऱ्यांवर. पंख पसरून असे बसायचे, जसे कोर्ट सुटल्यावर वकिलांनी ओले कोट वाळत घातलेत. आणि बसल्या बसल्या हगायचे. ह्याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधणारही नाही. चुन्यासारखी पांढरी पातळ घाण भिंतींवरून ओघळायची, त्याला सडक्या मासळीचा वास. तळमजल्यावरच्या बाईंचे वाळत घातलेले पापड गेले. माझी दोन पातळं गेली, धुऊन डाग गेले पण वास गेला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि ह्यांना म्हणाले की हे पक्षी तुम्ही आणलेत. ह्यांनी त्यांना सांगितलं की मी मासे आणलेत. सेक्रेटरी म्हणाले, तेच ते.

खरी मेख वेगळीच होती. हे रोज सकाळी शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा कालवून पायरीवरून पाण्यात टाकायचे, मासे लवकर वाढावेत म्हणून. पिल्लांना त्याची सवय झाली. ह्यांची चप्पल पायरीवर वाजली की पाणी उकळल्यासारखं व्हायचं, सगळी पिल्लं वर. हे कौतुकानं मला गॅलरीतून बघायला लावायचे. मी बघायची, आणि मला दिसायचं ते हे, की चप्पल वाजली की बगळेसुद्धा रांगेनं पायरीवर येऊन उभे राहतात. त्यात चौथ्या मजल्यावरच्या बाई संध्याकाळी नातवाला घेऊन यायच्या आणि पुण्य लागतं म्हणून कुरमुरे आणि पाव टाकायच्या. म्हणजे सकाळी आमच्या घरातून आणि संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून पाणकावळ्यांना ताटात वाढून दिलं जात होतं. मी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी आधी मानलं नाही. मग एक दिवस पायरीवर उभे असताना त्यांच्या पायाशी, अगदी चपलेला खेटून, पाणकावळ्यानं मासा उचलला. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

त्या दिवसापासून युद्ध सुरू झालं. पेंड बंद. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना जाऊन सांगून आले, त्या रुसल्या. घरातल्या जुन्या कॅसेटी फोडून त्यांच्या फिती तळ्यावर आडव्या ताणल्या, वाऱ्यानं त्या गुणगुणायच्या आणि उन्हात चमकायच्या. पक्षी दोन दिवस बिचकले, तिसऱ्या दिवशी फितीखालून आत शिरले. मग ह्यांनी बुजगावणं केलं आणि त्याला स्वतःचा ऑफिसचा शर्ट घातला. पाणकावळे त्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसून पंख वाळवू लागले. इतकी वर्षं मी ज्या शर्टाची कॉलर घासली त्याच्यावर वरून खालपर्यंत पांढरे ओघळ. मला हसूही आलं आणि शिसारीही. शेवटी राहिला तो पत्र्याचा डबा. सकाळपासून काठाकाठानं तो बडवत फिरायचं. त्यातच माझ्या पिंपात तो अर्धा मासा पडला, सगळं पाणी ओतून द्यावं लागलं आणि मी ह्यांना खिडकीतून ओरडून सांगितलं की आता एकतर ते पक्षी तरी राहतील नाहीतर मी.

मग ह्यांना गावाकडची एक गोष्ट आठवली. त्यांच्या गावी देवळामागच्या तळीत लोक बाभळीच्या, बोरीच्या फांद्या बुडवून ठेवायचे. मासे चोरायला कुणी जाळं टाकलंच तर ते काट्यात अडकून फाटावं म्हणून. हे म्हणाले, तिथे माणूस चोर होता, इथे पक्षी चोर आहे, काटा दोघांना सारखाच. मग काय, कुठून कुठून काटेरी फांद्या आणल्या, दगड बांधले आणि तळ्याच्या आमच्या अंगाला, जिथे पाणी खोल होतं तिथे, बुडवल्या. दोन दिवस गड्यांबरोबर पाण्यात उतरून केलं. हातापायांवर ओरखडे, रात्री मी हळद लावून देत होते आणि मनात म्हणत होते की ऑफिस होतं ते बरं होतं.

आणि काय सांगायचं, पाणकावळे गेले. काही दिवस बुड्या मारल्या, रिकाम्या चोचींनी वर आले, आणि मग एक दिवस नाहीतच. समुद्राकडे, कळंबच्या बाजूला गेले म्हणे, नाहीतर अर्नाळ्याला. भिंती धुऊन घेतल्या, मी गॅलरीत पुन्हा पापड घातले. इमारतीत सगळे म्हणू लागले की तळ्यातले मासे संपले, म्हणून पक्षी गेले. खाणारे उगाच कशाला जातील? ते बोलणं इतकं सरळ होतं की त्याला कुणी उलटा प्रश्न केला नाही. मीही नाही. पाण्यावर एक तरंग दिसत नव्हता. पेंड बंद होती, त्यामुळे वर येऊन तोंड दाखवायचं माशांना काही कारण नव्हतं, हे आता सुचतं. तेव्हा ह्यांनासुद्धा सुचलं नाही. थंडीभर हे सकाळी गॅलरीत उभे राहून खाली बघायचे आणि चहा गार करायचे. मावशी टोपलीशी रोज विचारायची, हाईत ना, आणि हे म्हणायचे, असतील. असतील म्हणताना आधी तिच्याकडे बघायचे, नंतर नंतर भाजीकडे बघायला लागले.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी भावकी आली ती रंगलेली, अर्धे प्यालेले, ढोलकी बडवत. जाळं घेऊन उतरले ते मोकळ्या पाण्यात. काट्यांच्या अंगाला एकजण गेला, त्याच्या तळव्यात बोरीचा काटा घुसला आणि त्यानं काटे टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जाळ्याची एक बाजूही तिथे अडकून फाटली. मग तिकडे कुणी गेलं नाही. गावाकडे मासे धरायच्या आधी फांद्या ओढून बाहेर काढत, ते ह्यांना माहीत होतं. पण ते काम दोन दिवसांचं, मासे असले तर करायचं. मासे पक्ष्यांनी खाल्ले हे तर ठरून गेलं होतं. जाळं दोनदा ओढलं. निघाला तो चिखल, एक चप्पल आणि कॅसेटच्या फितींचा गुंता. पोरं तो गुंता डोक्याला गुंडाळून नाचली.

थोरला मुलगा हसला नाही, त्यानं फक्त ह्यांच्याकडे पाहिलं. मावशी पायरीवर उभी होती, कपाळाला कुणीतरी गुलाल लावलेला. तिनं मुलाला काही विचारलं नाही, ह्यांनाच विचारलं.

"हाईत काय, भाऊ?"

"नाहीत, मावशी," हे म्हणाले. "पक्ष्यांनी खाल्ले."

तिनं मान हलवली आणि ओला पदर पिळून घराकडे गेली.

डंपर गुढीपाडव्यानंतर सुरू झाले. पलीकडच्या काठानं. भराव म्हणजे माती असते असं मला वाटायचं. तो आला तो पाडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या लाद्या, गंजक्या सळया, केसांचे पुंजके, सडक्या गाद्या, फुटलेली संडासाची भांडी. ज्या पाण्यापुढे नारळ फोडला होता त्यात संडासाचं भांडं बुडबुड करत खाली गेलं, ते मी गॅलरीतून पाहिलं. तळं दिवसेंदिवस आमच्या अंगाला सरकत होतं. पाणी आटत नव्हतं, कोंडत होतं, आणि काळं होत होतं. हे खोलीत पडून असायचे, गॅलरीत येत नव्हते.

आणि एका सकाळी गॅलरीत मला तो ओळखीचा वास आला. वर पाहिलं तर छज्ज्यावर पाणकावळे. रांगेनं. मला वाटलं, आता हे काय खायला आलेत? खाली पाहिलं. काट्यांच्या अंगाला, जिथे पाणी उरलं होतं तिथे, पाण्यावर तोंडं दिसत होती. गोल, उघडी, हवेला आलेली तोंडं. एकाला एक लागून. भरावाच्या आड येतात म्हणून गड्यांनी दोर बांधून फांद्या ओढायला सुरुवात केली होती, आणि एकेक फांदी वर आली की खालून चांदीसारखे मासे उसळत होते. दीड-दीड वीत लांबीचे, जाड पाठीचे. आमचे मासे. श्रावणात बोटाएवढे होते ते.

मी ह्यांना हाक मारली. हे आले, कठड्याला धरून उभे राहिले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आचोळ्यातून, तुळिंजपर्यंतच्या इमारतींतून माणसं आली. बादल्या, पिंपं, मच्छरदाण्या, कुणी ओढण्या घेऊन. राडारोड्यावरून घसरत पाण्यात उतरली. चौथ्या मजल्यावरच्या बाई, पुण्यासाठी कुरमुरे टाकणाऱ्या, त्या कपडे धुवायचा टब घेऊन सगळ्यांच्या पुढे होत्या. सेक्रेटरी पँट दुमडून उतरले. वरून घारी, बाजूनं बगळे, मधून पाणकावळे आणि त्यांच्यातच माणसं. मासे आता पाणकावळ्यांना गिळण्याजोगे राहिले नव्हते, तरी ते गिळायचे, मासा घशात अडकायचा, चोच फाकलेली, शेपटी बाहेर. एका माणसानं तशा अडकलेल्या पाणकावळ्याच्या चोचीतून मासा उपटून घेतला, शर्टाला पुसला आणि बादलीत टाकला. लोक हसले. मला जे मळमळलं ते पक्ष्यांमुळे नव्हतं. पक्षी निदान भुकेनं आले होते. आम्हा सगळ्यांच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक झालेला होता.

त्या गर्दीत मला आमचे हे दिसले. ते कधी खाली गेले ते कळलंच नाही. हातात तो पत्र्याचा डबा होता. काठावर, म्हणजे काठ उरला होता तिथे, उभे राहून ते डबा बडवत होते. पक्ष्यांना हाकलत होते. तळं संपलं होतं, मासे संपत होते, आणि हा माणूस नेमानं डबा बडवत होता. पाणकावळे दचकून उठले आणि सवयीप्रमाणे ओकत गेले. खाली लोकांच्या डोक्यांवर, बादल्यांवर पडलं. लोकांनी ह्यांना शिव्या घातल्या. शेवटी मावशीच्या थोरल्या मुलानंच येऊन त्यांच्या हातातून डबा काढून घेतला आणि त्यांना गेटपर्यंत आणून सोडलं.

दुपारी दाराची कडी वाजली. मावशी होती. ती आमच्याकडे कधी वर आली नव्हती, जिन्यानं तिला धाप लागली होती. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला कटला, चांगला भरलेला. मी आत बोलावलं, ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पायांना चिखल होता. हे बाहेर आले, तर तिनं पुडकं त्यांच्याकडे केलं.

"टाकनाऱ्याचा पयला वाटा, भाऊ. आमची रीत हाय."

ह्यांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला. ती जिना उतरून गेली तरी हे पुडकं घेऊन तसेच दारात उभे होते, केळीच्या पानातून पाणी गळत होतं आणि मी फडकं घेऊन खाली पुसत होते.

मी मासा साफ केला. खवले बोटाच्या नखाएवढे झाले होते. पोट चिरलं तर आत चरबी, पिवळी, निरोगी. आतडी ओढताना हात थांबला, कधी थांबत नाही. त्या पोटात काय असणार ते मला माहीत होतं, आमच्या तळ्यातलं शेवाळ आणि आमच्या पायरीवरची माती. मी ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि हात तीनदा साबणानं धुतले. रस्सा केला, तिरफळ घालून, सासूबाई करायच्या तसा. जेवताना हे एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावत होते. मला वाटलं होतं त्यांना जाणार नाही. त्यांनी सगळा खाल्ला, आणि भात संपल्यावर आणखी रस्सा मागितला. मी वाढला. माझंही पान मी पुसून खाल्लं, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्यांच्या बादल्यांना नावं ठेवून झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी मावशी टोपली घेऊन गेटपाशी बसली होती. टोपलीत माठाच्या मोजक्या जुड्या होत्या, कोमेजलेल्या. आता पुन्हा नाही येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जुडी निवडून देताना तिनं या वेळी कोणतं पाणी पाजलं ते काही सांगितलं नाही. देऊन झाल्यावर मात्र हात तसाच टोपलीवर ठेवून म्हणाली, "मावरं गोड लागलं का, बाय?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, फार गोड लागलं.

"आमचं पानीच गोड होतं," ती म्हणाली, आणि उरलेल्या जुड्यांवर ओलं फडकं पसरलं.